पाणी उतरल्यानंतरचं विचारा: पूरग्रस्त गावांतले अनुभव नोंदवण्याची रीत

पुरानंतर गाव कसं सावरलं याचा अभ्यास करायला निघालेल्या मुलांच्या वह्या मी बऱ्याच वर्षांपासून तपासतोय. बहुतेक वह्यांत पाणी कसं चढलं, बोट कधी आली, माळ्यावर किती रात्री काढल्या हे पानं भरभरून असतं. पाणी उतरल्यानंतरच्या दोन वर्षांसाठी शेवटी एकच ओळ असते: ‘हळूहळू सर्व पूर्वपदावर आले.’ खरं तर अभ्यास त्या ओळीचा करायचा होता.

कोल्हापूर-सांगलीचा कृष्णा-पंचगंगेचा पट्टा डोळ्यांसमोर ठेवून ही रीत लिहितोय, कारण माझं पायी फिरणं तिथलं आहे. चिपळूणच्या बाजारपेठेला किंवा दरड कोसळलेल्या वाडीला ती थोड्या फरकाने लागू पडते. फरक आला की सांगेन.

टप्पा १: प्रश्न एका ओळीत बसवा

‘पूरग्रस्तांचे अनुभव’ हा विषय झाला, प्रश्न झाला नाही. कागदावर एक ओळ लिहा. उदाहरणार्थ, ‘२०१९ च्या पुरात जनावरं गमावलेल्या घरांनी दुधाचा धंदा पुन्हा उभा केला का, आणि कशाच्या बळावर?’ किंवा ‘भाड्याच्या घरात राहणारे पुरानंतर कुठे गेले?’ ओळ जितकी अरुंद, तितकी माणसं खोल बोलतात. तिला धरून सहा-सात मुद्दे काढा आणि तिथेच थांबा. चाळीस प्रश्नांची छापील यादी घेऊन गेलात की समोरचा माणूस तुम्हाला पंचनाम्याला आलेला समजतो आणि तसंच बोलायला लागतो.

*तपासा:* तुमची ओळ गावातल्या एखाद्या आजींना वाचून दाखवा. त्यांनी ‘म्हंजे काय?’ विचारलं तर ओळ पुन्हा लिहा.

टप्पा २: कधी जायचं ते ठरवा

घरात गाळ असताना जाऊ नका. गेलात तर हातात फावडं घेऊन जा, वही घेऊन नको. त्या दिवसांत लोकांना प्रत्येक अनोळखी माणूस मदत वाटपाचा वाटतो, आणि त्यांचं चुकतही नाही.

माझ्या मते एका गावाला तीन फेऱ्या लागतात. पहिली दिवाळीनंतर. तोवर घरं धुऊन झालेली असतात, मदत आली की नाही हे कळलेलं असतं, आणि बोलायला निवांतपणा असतो. दुसरी पुढच्या पावसाळ्याच्या आधी. तिसरी पुढचा पावसाळा सरल्यावर, कारण नदी पुन्हा फुगली तेव्हा माणसं काय करतात यावरून ती कितपत सावरली ते दिसतं.

दुसरी फेरी लोक हमखास गाळतात, आणि ऊसपट्ट्यात नेमकी तीच महत्त्वाची असते. पूरबुडीत उसाचं नुकसान ऑगस्टमध्ये अर्धवटच कळतं. शेंड्यात पाणी गेलेला ऊस उभा दिसतो, पण आतून कुजत जातो. तोडणीला वजन भरत नाही आणि बिल हातात पडतं तेव्हा खरा फटका बसतो. म्हणजे ऑगस्टमधल्या पुराची तंगी काही घरांत पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होते. दिवाळीनंतर एकदाच गेलेला अभ्यासक ‘घर सावरलं’ असं लिहून मोकळा होतो.

*सावधान:* वर्षश्राद्ध, निवडणूक, यात्रा आणि ऊसतोडीची ऐन घाई या काळात फेरी ठेवू नका.

टप्पा ३: गावात जाण्याआधीचा गृहपाठ

दोन गोष्टी तयार ठेवल्याशिवाय एसटीत बसू नका.

*पहिली, काळाची पट्टी.* इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. या पट्ट्याने ऑगस्ट २०१९ चा महापूर पाहिला, मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर. ‘पुरात भिंत पडली’ असं कुणी म्हणालं तर कुठल्या पुरात? ‘धंदा बसला’ तो पुराने की कोरोनाने? तारीख विचारून उपयोग नाही. माणसांना तारखा आठवत नाहीत, सण आठवतात. म्हणून पट्टीवर सण मांडून घ्या. २०१९ ची नागपंचमी ५ ऑगस्टला होती, तेव्हा पाणी चढत होतं. गणपती २ सप्टेंबरला बसले. विधानसभेचं मतदान २१ ऑक्टोबरला झालं, लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला. २०२० चा गुढीपाडवा म्हणजे २५ मार्च, देशभरच्या टाळेबंदीचा पहिला दिवस. २०२१ ची आषाढी २० जुलैला होती, आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत नद्या पात्राबाहेर गेल्या. ‘गणपती बसवला तेव्हा तुम्ही या घरात होता का?’ या प्रश्नाला पक्कं उत्तर मिळतं. ‘सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कुठे होता?’ याला अंदाज मिळतो. सणाची ही खूण फार टिकाऊ असते. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला, आणि आजही तिकडची माणसं सांगताना गणपती विसर्जनाच्या रात्रीपासून सुरुवात करतात.

*दुसरी, मदतीचे नियम.* मदत कशावर बसते हे माहीत नसेल तर निम्मी तक्रार तुमच्या डोक्यावरून जाईल. २०१९ मध्ये लागू असलेल्या आपत्ती निधीच्या निकषांत सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला ९५,१०० रुपये होते. अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ५,२०० रुपये, तेही पडझड किमान १५ टक्के असेल तर. पिकाला ३३ टक्क्यांच्या वर नुकसान लागतं. म्हणून ‘आमचं बसलं नाही’ हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न ‘कशात बसलं नाही?’ हाच हवा.

दगड-मातीच्या भिंतींचं तर वेगळंच आहे. त्या पाण्यात उभ्या राहतात आणि वाळताना बसतात. पाणी उतरून तलाठी, ग्रामसेवक पंचनामा करून जातात आणि त्यानंतर भिंत कोसळते. कागदावर घर ‘अंशतः’, डोळ्यांसमोर ढिगारा. घर कधी पडलं आणि पंचनामा कधी झाला हे दोन प्रश्न नेहमी वेगळे विचारा.

*तपासा:* गावात ‘पाणी आलं’ म्हणजे काय, हे आधी समजून घ्या. नृसिंहवाडीत पाणी चढून दक्षिणद्वार सोहळा झाला (दत्तमंदिरात शिरलेलं नदीचं पाणी दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं) तर लोक स्नानाला गर्दी करतात. नदीकाठी दरवर्षीचं पाणी वेगळं आणि महापूर वेगळा. कोल्हापूरकर राजाराम बंधाऱ्याचे फूट सांगतात (इशारा ३९, धोका ४३), सांगलीकर आयर्विन पुलाचे (इशारा ४०, धोका ४५). २०१९ मध्ये हे आकडे ५५ आणि ५७ फुटांच्या वर गेले होते. ‘पाणी पन्नासवर होतं’ हे कुठलं, बंधाऱ्याचं की पुलाचं, ते विचारल्याशिवाय लिहू नका.

टप्पा ४: कुणाला भेटायचं

नेहमीची चूक अशी: सरपंचांना फोन, सरपंच दहा नावं देतात, दहाही जण त्यांच्या गल्लीतले किंवा गटातले. दिवसाअखेर वही भरते, गाव मात्र निसटतं.

सरपंचांना जरूर भेटा, चहा घ्या, परवानगी घ्या. नावं मात्र स्वतः शोधा. गावातून एक फेरी पायी मारा, नदीकडून गावठाणाकडे. भिंतींवर पाण्याची खूण कुठवर आहे ते पाहत चला. खूण डोक्याच्या वर असलेली घरं, कमरेइतकी असलेली घरं आणि कोरडी राहिलेली घरं, तिन्हींतून माणसं निवडा. कोरड्या घरांना कुणीच विचारत नाही. पण महिना-महिना पाहुणे सांभाळले ते त्यांनीच.

मग मुद्दाम शोधून काढायची माणसं:

– भाडेकरू. घराची मदत घरमालकाच्या नावावर जाते, भाडेकरूची भांडीकुंडी वाहून गेलेली असतात.
– वाट्याने शेती करणारे. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पंचनाम्यातही नाही.
– शेतमजूर बायका. जमीन गेली नाही, पण हंगामाचा रोजगार बुडाला.
– एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रिया, अपंग माणसं.
– गाव सोडून गेलेले. यांच्याविना केलेला अभ्यास आपोआप गोड निघतो, कारण गावात उरलेत ते बऱ्यापैकी सावरलेलेच. शेजाऱ्यांकडून नंबर मिळतो. इचलकरंजी, पुणे, मुंबई, जिथे असतील तिथे फोन करा.

शिरोळच्या सीमेलगतच्या गावांत कन्नड बोलणारी घरं आहेत, काही घरांत दख्खनी. तिथे त्याच भाषेतला सोबती घ्या. घरातल्या शाळकरी पोराला दुभाषा करू नका. आईने सांगितलेल्या कर्जाचा आकडा त्याला कळायला नको असतो, आणि आईही मग तो सांगत नाही.

चिपळूणसारख्या बाजारपेठेत याच यादीत दुकानातले कामगार, हातगाडीवाले आणि गाळा भाड्याने घेतलेले व्यापारी येतात. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर दुकानाचं शटर पुन्हा उघडलेलं सगळ्यांना दिसलं. त्यातला नोकर परत आला की नाही, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

*सावधान:* व्हॉट्सअॅपवर फॉर्म फिरवून ‘गावाचे अनुभव’ गोळा होत नाहीत. ज्यांचा फोन पुरात गेला नाही आणि ज्यांना टाईप करायला वेळ आहे, त्यांचे होतात.

टप्पा ५: संमती, आणि मदतीबद्दलचं स्पष्ट बोलणं

पायरीवर बसल्याबरोबर, वही उघडण्याआधी, चार गोष्टी सांगा: आपण कोण, कशासाठी आलोय, नाव छापणार नाही, आणि यातून तुम्हाला काही मिळणार नाही. चौथी गोष्ट सांगताना जीभ जड होते. तरी सांगा, आणि उठतानाही सांगा. ‘वरपर्यंत पोचवू’ हे वाक्य चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. आमच्यातल्या एका विद्यार्थ्याने एकदा उत्साहाच्या भरात ते म्हटलं. पुढच्या फेरीला एक काकी कागदांची पिशवी घेऊन पारावर त्याची वाट पाहत बसल्या होत्या. त्या पिशवीतली प्रत्येक झेरॉक्स त्यांनी पैसे मोजून काढलेली होती.

रेकॉर्डिंगची संमती वेगळी, फोटोची वेगळी. ‘नको’ म्हटलं की फोन खिशात, टेबलावर पालथासुद्धा नाही. सही मागू नका. पंचनाम्याच्या काळात लोकांनी इतक्या ठिकाणी सह्या-अंगठे केलेले असतात की नव्या कागदाची भीती वाटते. संमती तोंडी घ्या आणि रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला ती येऊ द्या. अठराच्या आतल्या मुलांशी पालकांना विचारल्याशिवाय बोलू नका.

ज्या घरात माणूस गेलंय, तिथे पुराच्या दिवसाबद्दल एकही प्रश्न नको. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी पूरग्रस्तांची बोट उलटली, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. ते पुन्हा त्या घरच्यांच्या तोंडून वदवून घेण्याने अभ्यासात काही भर पडत नाही. ते आपणहून बोलले तर ऐका, लिहायचं थांबवा. कुणी फारच खचलेलं दिसलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चिठ्ठीवर लिहून द्या आणि घरातल्या दुसऱ्या कुणाच्या कानावर घाला.

टप्पा ६: प्रत्यक्ष बोलणं

पूर ऐकून घ्यावा लागतोच. पाच-दहा मिनिटं तो येऊ द्या. मध्येच तोडलंत तर पुढचं दार बंद. मग एका प्रश्नाने गोष्ट वळवा: ‘पाणी गेल्यावर पहिल्यांदा दार उघडलंत, त्या दिवशी काय केलं?’ इथून खरी मुलाखत सुरू होते.

पुढचे प्रश्न वस्तू आणि दिवस धरून विचारा:

– घरात पहिली चूल किंवा गॅस कधी पेटला? तोवर कुठे जेवत होता?
– पहिला पैसा हातात कुठून आला? कुणी दिला, परत करायचा होता का?
– काय विकावं लागलं? काय गहाण पडलं?
– वीज कधी आली? मीटर कुणी बदलला, खर्च कुणाचा?
– पोरांची वह्या-पुस्तकं, दाखले कुठून जमवले?
– कुठलं काम अजून राहिलंय?

शेवटच्या प्रश्नावर गप्प बसा. माणूस भिंतीकडे, गोठ्याकडे, कधी हाताच्या मनगटाकडे बघतो. बोलायला वेळ घेतो. शांतता भरून काढायला तुम्ही बोललात तर ते उत्तर गेलं.

टाळायचे प्रश्न: ‘किती नुकसान झालं?’ याला पंचनाम्याचा पाठ केलेला आकडा मिळतो. ‘शासनाची मदत वेळेत मिळाली का?’ याला राजकारण मिळतं, तेही शेजारी कोण बसलंय त्यावर ठरतं. ‘आता सगळं ठीक आहे ना?’ या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे.

बायकांशी बोलायला दुपारची वेळ, आणि शक्यतो बोलणारी बाईच. बचत गटाची बैठक संपल्यावर घोळका बसलेला असतो तिथे कर्जाचा विषय मोकळेपणाने निघतो: कुणाचे हप्ते तटले, कुणी एका कंपनीचं फेडायला दुसरीचं काढलं. घरात नवरा समोर असताना त्याच वैनी ‘तसं काही नाही ओ, भागलं आमचं’ म्हणतात. एकच घर, दोन उत्तरं. दोन्ही लिहून ठेवा, कुठलं कुठे मिळालं त्यासकट.

*तपासा:* उठण्याआधी काळाची पट्टी काढा आणि सांगणाऱ्याच्या समोर तीन-चार गोष्टी तिच्यावर ठेवून दाखवा. ‘म्हणजे गोठा दिवाळीच्या आधी झाला आणि म्हैस गुढीपाडव्यानंतर आली, बरोबर?’ निम्म्या चुका इथेच दुरुस्त होतात. एकदा तर सगळी हकिकत दुसऱ्याच पुराची निघाली होती.

टप्पा ७: त्याच रात्री लिहून काढा

उद्यावर टाकू नका. दिवसाला तीनपेक्षा जास्त मुलाखती घेऊ नका, त्याचंही कारण हेच. चौथ्या घराचा गोठा तिसऱ्या घरात जातो.

शब्द जसेच्या तसे लिहा. ‘जित्राबं’चं ‘पशुधन’ करू नका. समजा कुणी म्हणालं, ‘पाणी गेलं, पन वास दिवाळीपतूर गेला न्हाई’, तर त्याचं ‘दीर्घकाळ दुर्गंधी होती’ केलंत की वेळही गेली आणि माणूसही गेला. तुमचं मत चौकटी कंसात, वेगळ्या शाईने. नावाऐवजी खूण द्या आणि नाव-खुणांची यादी वेगळ्या वहीत, वेगळ्या ठिकाणी ठेवा. लहान गावात नाव काढून भागत नाही. ‘दोन म्हशी गेलेली, नदीकाठची विधवा शिलाईवाली’ म्हटलं की सगळ्या गावाला कळतं. असे दोन-तीन तपशील धूसर करा.

टप्पा ८: ऐकलेलं ताडून पाहा

लोक खोटं बोलतात म्हणून नव्हे, आठवण सरकते म्हणून. भिंतीवरची खूण टेपने मोजा. शाळेच्या हजेरीत मुलं कधी परतली ते दिसतं. वीजबिलात कुठल्या महिन्यात वापर शून्य होता ते दिसतं.

सगळ्यात उपयोगी कागद गावच्या दूध संस्थेत असतो, आणि तो कुणी मागतच नाही. प्रत्येक सभासदाचं सकाळ-संध्याकाळचं दूध लिटरमध्ये लिहिलेलं असतं. पुराआधी सहा लिटर, मग रकाना रिकामा, मग कुठल्याशा महिन्यात दोन लिटर. घर सावरण्याचा एवढा सरळ आलेख दुसऱ्या कुठल्या दप्तरात सापडणार नाही. सचिवांना भेटा, संस्थेची लेखी परवानगी घ्या, नावं न उतरवता गावाची एकूण बेरीज मागा. एखाद्या घराचा आकडा हवा असेल तर त्या घरानेच आपलं पासबुक दाखवलं पाहिजे.

कागद आणि माणूस जुळले नाहीत तर लगेच माणसाला खोडू नका. रकाना रिकामा असेल, कारण दूध त्या काळात संस्थेऐवजी बहिणीच्या गावी जात होतं. जनावरंच तिकडे नेलेली होती. परत जाऊन विचारलं तरच हे कळतं.

टप्पा ९: मांडणी आणि परतफेरी

मुलाखती एकापाठोपाठ एक न मांडता घराघराची पट्टी करा: आडवे महिने, उभी घरं. चूल, वीज, काम, कर्ज, जनावर, शाळा, प्रत्येकाला एक रंग. वीस घरं अशी खाली-वर ठेवली की दिसायला लागतं. चूल सगळ्यांची साधारण एकाच सुमारास पेटली, पण कर्जाचा रंग काही घरांत २०२१ च्या पुरापर्यंत आला आणि त्याच्या पलीकडेही गेला, असं काहीतरी. वीस घरांवरून ‘६० टक्के गावकरी’ असं लिहू नका. ‘वीसपैकी बारा घरं’ लिहा.

मसुदा झाला की गावात वाचून दाखवा. अहवाल नको, गोषवारा, मराठीत, मोठ्या टाईपात, दोन पानं. मंदिरात किंवा शाळेच्या व्हरांड्यात, संध्याकाळी जनावरांच्या धारा उरकल्यावर. वाचण्याआधी ज्यांचं बोलणं त्यात आहे त्यांना एकेकट्याने गाठून ‘हे एवढं वाचू का?’ असं विचारा. कुणी काढा म्हटलं तर कारण न विचारता काढा.

वाचन झाल्यावर वाद होईल. कुणी म्हणेल आमच्या गल्लीचं आलं नाही, कुणी म्हणेल पाण्याची खूण चुकली. ती चर्चाही टिपून घ्या, तारखेसकट. गोषवाऱ्याची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक दूध संस्थेत ठेवा. रेकॉर्डिंग किती वर्षं ठेवायचं हे संमतीच्या वेळी सांगितलं असेल, त्या तारखेला ते पुसा आणि नाव-खुणांची वही फाडून टाका.